गिट स्टॅशला साठवण्यासारखे काही मिळाले नाही तरी एक्झिट कोड शून्यच येतो: हे वर्तन कसे नोंदवावे?

घाटमाथा (प्रश्न)

नमस्कार. आमच्या गटात सर्व्हरवर चालणाऱ्या बऱ्याच छोट्या शेल स्क्रिप्ट आहेत आणि त्या लिहिणाऱ्यांसाठी मी एक अंतर्गत टिपण तयार करत आहे. गिटची (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाची) एखादी कमांड अपयशी ठरते तेव्हा नेमके काय करते आणि स्क्रिप्टने ते कसे ओळखावे, एवढाच त्या टिपणाचा विषय आहे. (कमांड येथे देवनागरीत लिहिल्या आहेत, टंकताना त्या नेहमीच्याच लिपीत टंकाव्यात, हे सांगणे नलगे.) बहुतेक कमांडबाबत काम सुरळीत झाले, स्टॅशपाशी मात्र अडलो.

आमच्या एका जुन्या स्क्रिप्टमध्ये तीन ओळी एकापाठोपाठ आहेत: आधी ‘गिट स्टॅश’ (न नोंदवलेले बदल एका यादीत बाजूला ठेवणे), मग ‘गिट पुल --रिबेस’ (इतरांचे नवे बदल आणणे) आणि शेवटी ‘गिट स्टॅश पॉप’ (बाजूला ठेवलेले परत लागू करणे). तिन्ही ओळी ‘&&’ ने जोडलेल्या असल्यामुळे एखादी फसली तर पुढची चालणार नाही, अशी लिहिणाऱ्याची समजूत असणार. वर्किंग ट्रीमध्ये (प्रत्यक्ष काम चालू असलेल्या फाइलींमध्ये) बदल असतील तेव्हा हे ठीक चालते. बदल काहीच नसतील तेव्हा ‘गिट स्टॅश’ ‘नो लोकल चेंजेस टू सेव्ह’ एवढेच सांगून शून्य हा एक्झिट कोड (कमांड संपताना देते तो आकडा; शून्य म्हणजे यश) देते, पुल होतो, आणि मग पॉप स्टॅशच्या यादीत सर्वांत वर जे काही पडलेले असेल ते उचलून वर्किंग ट्रीवर लागू करते. ते कोणी तरी पूर्वी कधी बाजूला ठेवलेले अर्धवट काम असू शकते. ते संघर्षाविना लागू झाले तर पॉपही शून्य देते, ती नोंद यादीतून काढून टाकते, आणि स्क्रिप्टच्या लेखी सारे यथास्थित पार पडलेले असते. याउलट यादी रिकामी असेल तर पॉप ‘नो स्टॅश एन्ट्रीज फाउंड’ म्हणत १ देते, म्हणजे जिथे काहीच बिघडलेले नाही तिथे स्क्रिप्ट अपयश दाखवते.

माझे प्रश्न असे. याला दोष म्हणावे की जाणूनबुजून ठेवलेले वर्तन? स्टॅशच्या मॅन्युअलमध्ये एक्झिट कोडचा स्वतंत्र विभाग मला आढळला नाही. मग जे मॅन्युअलमध्ये नाही, पण दर वेळी तसेच घडते, ते टिपणात कोणत्या शब्दांत लिहावे? आणि ही गोष्ट गिटच्या मूळ मॅन्युअलमध्येच जावी असे वाटत असेल तर मार्ग कोणता? ‘--ऑटोस्टॅश’ (बाजूला ठेवणे व परत लावणे पुलवरच सोपवणारा पर्याय) वापरावे हा सल्ला मला ठाऊक आहे आणि ती स्क्रिप्ट आम्ही तशी बदलणारही आहोत. येथे प्रश्न नोंदीचा आहे.

अर्धविराम (उत्तर)

दोष की वर्तन, या प्रश्नाचे उत्तर कमांडने यश कशाला मानले आहे त्यावर ठरते. ‘गिट स्टॅश’ चालवून झाल्यावर वर्किंग ट्री स्वच्छ असली पाहिजे, ही अट धरली तर बदल नसताना ती आधीच पूर्ण झालेली असते आणि शून्य देणे समर्थनीय ठरते. ‘यादीत एक नवी नोंद पडली पाहिजे’ ही अट धरली तर तेच शून्य दिशाभूल करणारे ठरते. आपल्या स्क्रिप्टने दुसरी अट गृहीत धरली आहे, तर कमांड पहिली पाळते. गंमत अशी की ‘गिट कमिट’ (बदल इतिहासात नोंदवणारी कमांड) हीच परिस्थिती उलट हाताळते: कमिट करण्यासारखे काही नसेल तर ती १ देते. एकाच साधनातील दोन शेजारच्या कमांड ‘काहीच करायचे नव्हते’ या स्थितीकडे अशा दोन दृष्टींनी पाहतात, आणि दोन्ही वर्तने इतकी जुनी आहेत की त्यांच्यावर विसंबलेल्या स्क्रिप्ट जगभर असणार. त्यामुळे मी याला दोष म्हणणार नाही. पण मॅन्युअलने याविषयी मौन पाळावे, हे मलाही पटत नाही.

आता शब्दांविषयी. गिटच्या एक्झिट कोडचे सगळे आकडे एकाच तोलाचे नसतात आणि टिपणात तो फरक दिसला पाहिजे. काही आकडे मॅन्युअलने स्पष्ट शब्दांत दिलेले वचन असतात. उदाहरणार्थ, ‘गिट मर्ज-बेस --इज-ॲन्सेस्टर’ पहिले कमिट दुसऱ्याचे पूर्वज असेल तर ० देते, नसेल तर १ देते, आणि खरी चूक झाली तर शून्यही नाही व १ ही नाही असा कोड देते, हे तेथे लिहून ठेवलेले आहे. ‘गिट एलएस-रिमोट --एक्झिट-कोड’ ला जुळणारा रेफ (शाखेसारखे नाव) मिळाला नाही तर २ येतो, तेही लिहिलेले आहे. ‘गिट कॉन्फिग’ च्या पानावर तर कोणत्या चुकीला कोणता आकडा याची यादीच आहे: फाइल सदोष असल्यास ३, फाइलमध्ये लिहिता न आल्यास ४, अस्तित्वात नसलेला पर्याय काढू पाहिल्यास ५. ‘गिट बायसेक्ट रन’ (दोष कोणत्या कमिटपासून आला ते शोधणारी कमांड) मध्ये वचन उलट दिशेने असते. तेथे आपल्या चाचणी-स्क्रिप्टने कोणता कोड द्यावा हे गिट सांगते. ० म्हणजे चांगले, १ ते १२७ म्हणजे वाईट, अपवाद १२५ चा, कारण त्याचा अर्थ ‘हे कमिट तपासता येत नाही, वगळा’. १२६ आणि १२७ शेल स्वतःच वापरते म्हणून त्यांच्या खालचा सर्वांत मोठा आकडा निवडला, असे कारणही त्या पानावर दिलेले आहे. मॅन्युअलमध्ये ‘का’ लिहिलेले विरळा सापडते, म्हणून हा परिच्छेद मला विशेष आवडतो.

दुसऱ्या गटात संकेत येतात. गिटच्या आतली कोणतीही कमांड ‘फेटल’ असा संदेश देऊन थांबते तेव्हा १२८ येतो, आणि कमांड चुकीच्या पद्धतीने लिहिली म्हणून वापराची माहिती छापली जाते तेव्हा १२९ येतो. ‘-एच’ देऊन आपण होऊन मदत मागितली तरी १२९ च. हे आकडे शेलच्या एका प्रघाताशी टकरतात, कारण सिग्नलमुळे (ऑपरेटिंग सिस्टीमकडून आलेल्या सूचनेमुळे) मेलेल्या प्रक्रियेसाठी शेल १२८ अधिक सिग्नलचा क्रमांक असा कोड दाखवते. हँगअप सिग्नलचा क्रमांक १ आहे, म्हणून १२९ चा अर्थ ‘वापर चुकला’ असाही होतो आणि ‘टर्मिनल तुटले’ असाही. ‘गिट लॉग’ पाइपने ‘हेड’ ला जोडून पाइपफेल (पाइपमधील कोणतीही कमांड फसली तर अपयश दाखवणारी शेलची सोय) सुरू ठेवले तर कधी कधी १४१ दिसतो; तो गिटचा आकडा नसून पाइप तुटल्याच्या सिग्नलचा, म्हणजे १२८ अधिक १३ चा, असतो. आपल्या टिपणात १४१ ची नोंद नसेल तर अवश्य करावी.

तिसऱ्या गटात आपले स्टॅशचे शून्य येते. ते कोठेही वचन म्हणून दिलेले नाही, फक्त आढळते. अशा वेळी ‘ही कमांड शून्य देते’ असे लिहू नये, ‘अमुक आवृत्तीत, अमुक स्थितीत शून्य आल्याचे आढळले, मॅन्युअल याविषयी काही सांगत नाही’ असे लिहावे. वाक्य लांबते, पण तीन वर्षांनी ते वाचणाऱ्याला कशावर किती भार टाकायचा ते कळते.

निरीक्षण नोंदवताना स्टँडर्ड आउटपुट आणि स्टँडर्ड एरर यांवर काय आले ते वेगवेगळे लिहावे, आणि कोड त्याच क्षणी एका व्हेरिएबलमध्ये धरून ठेवावा, कारण मध्ये एखादा ‘एको’ आला तरी ‘$?’ मध्ये त्या एकोचा कोड येऊन बसतो. बॅशच्या फंक्शनमध्ये ‘लोकल’ आणि कमांड एकाच ओळीत लिहिली तर कमांडचा कोड हरवतो आणि ‘लोकल’ चे शून्य हाती येते. हा सापळा अनुभवी लोकांनाही चकवतो. शंका असेल तर ‘जीआयटी_ट्रेस२’ हे एन्व्हायरनमेंट व्हेरिएबल १ करून कमांड चालवावी, म्हणजे गिट स्वतःच कोणत्या कोडने बाहेर पडले ते छापते. संदेशांचा मजकूर मात्र ओळख पटवण्यासाठी कधीच वापरू नये. १.७.९ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१२ पासून, गिटचे संदेश वापरणाऱ्याच्या भाषेत अनुवादित होऊ शकतात, त्यामुळे ‘नो लोकल चेंजेस’ हे शब्द शोधणारी स्क्रिप्ट जर्मन लोकॅल असलेल्या यंत्रावर निमूटपणे चुकते. टिपणात संदेश उद्धृत करायचा असेल तर ‘एलसी_ऑल=सी’ (संदेश अनुवादाविना देणारे सेटिंग) ठेवून मिळालेला करावा आणि तसे लिहावे.

विणकर (उत्तर)

वरील विवेचनाशी सहमत आहे. मूळ मॅन्युअलपुरते लिहितो.

गिटचे काम आजही मेलिंग लिस्टवर चालते आणि दस्तऐवजातील बदलही त्याच वाटेने जातो. आधी लिस्टचे संग्रह शोधावेत, कारण एक्झिट कोडविषयीच्या चर्चा तेथे वारंवार झालेल्या आहेत आणि ‘हे पूर्वी सुचवले होते, या कारणाने नाकारले’ असे उत्तर मिळण्याची शक्यता असते. चर्चा सुरू करायची असेल तर ‘गिट बगरिपोर्ट’ ही कमांड एक मसुदा तयार करून देते. चूक घडण्यापूर्वी आपण काय केले, काय घडेल असे वाटले होते, प्रत्यक्षात काय घडले आणि या दोहोंत फरक कोणता, असे प्रश्न त्यात असतात, आणि खाली गिटची आवृत्ती व यंत्राची माहिती आपोआप येते. अंतर्गत टिपणासाठीही हाच साचा घेण्यास हरकत नाही. ‘काय घडेल असे वाटले होते’ हा रकाना लोक नेहमी गाळतात आणि अनपेक्षित वर्तनाच्या नोंदीत तोच सर्वांत मोलाचा असतो.

पॅच (बदलाचा प्रस्ताव) पाठवायचा असेल तर स्टॅशच्या पानाचा मूळ मजकूर ‘डॉक्युमेंटेशन’ या डिरेक्टरीत असतो. तो आस्कीडॉक या पद्धतीने लिहिलेला आहे. पूर्वी त्या फाइलींचे एक्स्टेन्शन टीएक्सटी होते, २०२५ मध्ये ते एडॉक करण्यात आले, त्यामुळे जुन्या मार्गदर्शक लेखांतील फाइलींची नावे जुळणार नाहीत. कमिटच्या संदेशात ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही ओळ अनिवार्य आहे आणि संदेश आज्ञार्थी इंग्रजीत लिहिण्याचा शिरस्ता आहे. पत्र साध्या मजकुरातच हवे; एचटीएमएल पत्रे तो सर्व्हर स्वीकारत नाही. हे सारे जाचक वाटत असेल तर ‘गिटगिटगॅजेट’ ही सोय आहे: गिटहबवर पुल रिक्वेस्ट उघडावी, नवख्या व्यक्तीला परवानगी मिळाली की ‘/सबमिट’ अशी टिप्पणी करावी, म्हणजे पॅच लिस्टवर रवाना होतो.

परीक्षक एक प्रश्न नक्की विचारतील, म्हणून त्याची तयारी ठेवावी: हे वर्तन मॅन्युअलमध्ये लिहिले की ते कायमचे होते, तर ते कायमचे व्हावे असे आपल्याला वाटते का? वाटत असेल तर मजकुराबरोबर एक चाचणीही जोडावी. स्टॅशच्या चाचण्या टी३९०३ या क्रमांकाच्या फाइलीत आहेत. ‘टेस्ट_एक्स्पेक्ट_कोड’ हे साहाय्यक फंक्शन नेमका कोड तपासते. ‘टेस्ट_मस्ट_फेल’ फक्त कमांड रीतसर अपयशी झाली की नाही ते पाहते आणि ती सिग्नलने मेली किंवा सापडलीच नाही तर चाचणी नापास करते. हे वर्तन चुकीचे आहे आणि कधी तरी बदलावे असे मत असेल तर मॅन्युअलला हात न लावता ‘टेस्ट_एक्स्पेक्ट_फेल्युअर’ वापरून चाचणी लिहिता येते. अपेक्षित वर्तन तीत मांडलेले असते, ती आज नापास होते, आणि ही ज्ञात उणीव आहे अशी खूण चाचणीच्या निकालात उमटते. अनपेक्षित वर्तन त्याला वचनाचा दर्जा न देता नोंदवण्याची याहून नेटकी रीत माझ्या पाहण्यात नाही.

जुन्या कमांडचा कोड बदलण्याऐवजी नवा पर्याय देणे हा गिटमधील रुळलेला मार्ग आहे. नोव्हेंबर २०२३ मधील २.४३ आवृत्तीत ‘गिट शो-रेफ --एक्झिस्ट्स’ आले: रेफ असेल तर ०, नसेल तर २ आणि शोधतानाच चूक झाली तर १. वर अर्धविराम यांनी ‘--इज-ॲन्सेस्टर’ सांगितले आहे. तेथे १ म्हणजे साधे ‘नाही’, येथे १ म्हणजे चूक. एकाच टिपणात दोन्ही येणार असतील तर हे दोन्ही आकडे वाचकाला शेजारी शेजारी दाखवावेत, नाही तर एकाचा अर्थ दुसऱ्याला चिकटतो.

तिसरी_खिडकी (उत्तर)

आवृत्ती लिहिण्याबाबत थोडी भर. एप्रिल २०२२ मध्ये २.३५.२ ही आवृत्ती आली आणि रिपॉझिटरीची (प्रकल्पाच्या गिट साठ्याची) डिरेक्टरी दुसऱ्या वापरकर्त्याच्या मालकीची असेल तर ती ‘सेफ.डिरेक्टरी’ मध्ये नोंदवल्याखेरीज गिट काम करण्यास नकार देऊ लागले. हा सुरक्षेसाठी केलेला बदल होता आणि तो योग्यच होता. पण कंटेनरमध्ये एका वापरकर्त्याने आणलेला कोड दुसऱ्या वापरकर्त्याने बांधायचा, ही सर्रास रीत असल्यामुळे आदल्या दिवशी शून्य देणाऱ्या कमांड दुसऱ्या दिवशी १२८ देऊ लागल्या. गो या प्रोग्रॅमिंग भाषेच्या १.१८ आवृत्तीपासून बिल्ड करताना गिटची माहिती आपोआप घेतली जाते. तेथे लोकांना ‘एरर ऑब्टेनिंग व्हीसीएस स्टेटस: एक्झिट स्टेटस १२८’ एवढेच दिसे आणि गिटने काय सांगितले ते कळतच नसे.

ज्या स्क्रिप्टमध्ये ‘गिट डिस्क्राइब’ (आवृत्तीचे नाव सांगणारी कमांड) चा स्टँडर्ड एरर ‘/डेव्ह/नल’ कडे वळवून पुढे ‘|| एको अननोन’ लिहिलेले होते, तेथे तर एवढेही दिसले नाही. बिल्डवर आवृत्तीच्या जागी ‘अननोन’ छापले गेले आणि काम पुढे सरकले. म्हणून माझा आग्रह असा की टिपणातील एकाही उदाहरणात स्टँडर्ड एरर फेकून देऊ नये. वाचक विवेचन वाचत नाही, उदाहरण तेवढे उचलतो.

घाटमाथा (प्रतिसाद)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वरील सूचनांनुसार मसुदा असा केला आहे:

‘गिट स्टॅश पुश (नुसते “गिट स्टॅश” म्हणजे हेच): साठवण्यासारखे बदल नसल्यास एक्झिट कोड ० येतो (२.४३ मध्ये आढळले; मॅन्युअलमध्ये उल्लेख नाही). त्यामुळे ० आला याचा अर्थ नवी नोंद तयार झाली असा घेऊ नये. नोंद तयार झाली की नाही हे ठरवण्यासाठी कमांडच्या आधी व नंतर “गिट रेव्ह-पार्स --व्हेरिफाय --क्वाएट रेफ्स/स्टॅश || ट्रू” चे उत्तर (सर्वांत वरच्या नोंदीचा हॅश, म्हणजे ओळखक्रमांक) घेऊन त्यांची तुलना करावी. दोन्ही सारखी असतील तर पॉप करू नये. पर्यायी उपाय: आधी “गिट डिफ --क्वाएट हेड” चालवावे, शून्येतर कोड आल्यास बदल आहेत असे समजून स्टॅश करावे.

गिट स्टॅश पॉप: यादी रिकामी असल्यास १. लागू करताना संघर्ष झाल्यासही १. अशा वेळी नोंद यादीतून काढली जात नाही (हे मॅन्युअलमध्ये आहे). दोन्ही कारणांसाठी कोड एकच असल्यामुळे फक्त कोडवरून कारण ठरवू नये.’

यात काही निसटले असल्यास कृपया सांगावे.

अर्धविराम (उत्तर)

पॉपचा परिच्छेद उत्तम आहे, तसाच ठेवावा. पुशच्या परिच्छेदात दोन जागी बदल सुचवतो.

पर्यायी उपायातील ‘शून्येतर’ हा शब्द धोक्याचा आहे. ‘गिट डिफ --क्वाएट’ मध्ये ‘--एक्झिट-कोड’ अंतर्भूत असते, म्हणून फरक असल्यास १ येतो. पण रेव्ह सापडला नाही किंवा रिपॉझिटरी सदोष असली तर १२८ येतो. रिपॉझिटरीच्या बाहेर नुसते ‘गिट डिफ --क्वाएट’ चालवले तर त्याहून विचित्र प्रकार घडतो. तेथे ‘गिट डिफ’ दोन साध्या फाइलींची तुलना करणारी कमांड बनते, दोन फाइली न दिल्यामुळे वापराची माहिती छापते आणि १२९ देते. आपल्या मसुद्याप्रमाणे हे सगळे ‘बदल आहेत’ या सदरात जमा होतील. ० म्हणजे बदल नाहीत, १ म्हणजे बदल आहेत, बाकी काहीही आल्यास थांबावे, अशा तीन फांद्या कराव्यात. शिवाय ही कमांड अनट्रॅक्ड (गिटला अजून न सांगितलेल्या) फाइली पाहतच नाही; साधे ‘गिट स्टॅश’ ही त्या घेत नाही म्हणून येथे जुळते, पण कोणी ‘--इन्क्लूड-अनट्रॅक्ड’ जोडले की जुळणार नाही. मी हा पर्यायी उपाय गाळला असता.

दुसरे, ‘|| ट्रू’. ते का लिहिले आहे ते समजते: यादी रिकामी असेल तर ‘रेफ्स/स्टॅश’ अस्तित्वातच नसतो, रेव्ह-पार्स काही न छापता १ देते, आणि ‘सेट -ई’ (कमांड फसताच स्क्रिप्ट थांबवणारी सूचना) असल्यास स्क्रिप्ट तेथेच थांबते. पण ‘|| ट्रू’ त्या निरुपद्रवी १ बरोबर १२८ ही गिळून टाकते. मग तिसरी_खिडकी यांनी सांगितलेल्या मालकीच्या प्रकरणात आधीचे उत्तरही रिकामे आणि नंतरचेही रिकामे. तुलना म्हणते ‘सारखे आहे, पॉप नको’, आणि स्क्रिप्ट बदल न साठवताच पुढे जाते. कोड व्हेरिएबलमध्ये घेऊन १ पेक्षा मोठा असल्यास बाहेर पडावे. ‘--व्हेरिफाय’ आपण लिहिले आहे, ते कोणी पुढे ‘अनावश्यक’ म्हणून काढू नये यासाठी कारणही जोडावे: त्याविना रेव्ह-पार्सला नाव ओळखता आले नाही तर ते १२८ देतेच, पण आपण दिलेले नाव जसेच्या तसे स्टँडर्ड आउटपुटवरही छापते, आणि स्क्रिप्ट तेच हॅश समजून वापरते.

विणकर (उत्तर)

मूळ मॅन्युअलसाठी मसुद्यातले पहिले वाक्यच पुरेसे आहे. त्यासाठी ‘एक्झिट स्टेटस’ असा नवा विभाग उघडू नये, कारण मग सर्व उपकमांडचे कोड लिहिण्याची अपेक्षा निर्माण होते आणि चर्चा लांबते; ‘पुश’ च्या वर्णनाखाली एक वाक्य आणि टी३९०३ मध्ये एक चाचणी, एवढाच पॅच करावा. तुलना करण्याची पद्धत मात्र आपल्या अंतर्गत टिपणातच राहू द्यावी.